निर्दोष सुटला, पण देणं कुणाचं?



‘निर्दोष सुटका’ हा शब्द जरा हातात घेऊन बघा. ज्यानं काही केलंच नाही त्याला ‘सोडलं’ म्हणायचं. म्हणजे सोडणारा मोठा, सुटणारा लहान. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना त्या माणसाकडं असतं काय? जेलची पिशवी, एक कागद आणि एस.टी.च्या भाड्यापुरतेही पैसे नसलेला खिसा. माझी गेलेली वर्षं कुठंयत, असं त्यानं विचारलंच, तर इथली व्यवस्था म्हणते, सुटलास ना? आता आणि काय पाहिजे?

आणि काय पाहिजे, याचंच उत्तर आपण नीट द्यायला शिकलं पाहिजे. खोट्या खटल्याची भरपाई ही भीक आहे, किंमत आहे, की देणं आहे? शब्द तीन, आणि तीन शब्दांत तीन वेगळी माणसं उभी राहतात.

उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं घेऊ. जून २००३ मध्ये एका गरीब कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच माणसं मारली, बाईमाणसावर अत्याचार झाले. गुन्हा भयंकर होता, त्यात शंका नाही. पोलिसांनी सहा जण धरले. सहाही भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले. त्यातला एक तर कायद्यानं अज्ञान पोरगा. सेशन कोर्टानं फाशी दिली. हायकोर्टानं तिघांची फाशी ठेवली, तिघांना जन्मठेप केली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. मग ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं फेरविचारात सहाही जणांना निर्दोष ठरवलं. सोळा वर्षं गेली होती.

आता त्यातलं खरं दुखणं ऐका. हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं घटनेनंतर थोड्याच दिवसांत पोलिसांच्या फोटोंच्या फायलीतून चार माणसं ओळखली होती. ते चौघं म्हणजे हे सहा नव्हेत. त्या चौघांचा तपासच झाला नाही. कागद फायलीत राहिला, आणि रस्त्यावरची सहा माणसं फासाच्या दोरीखाली. न्यायालयानं महाराष्ट्र सरकारला सांगितलं, प्रत्येकाला पाच लाख रुपये द्या, चार आठवड्यांत. तपासात कसूर करणारे अधिकारी शोधा, नोकरीत असतील तर त्यांच्यावर कारवाई करा, तीन महिन्यांत.

पाच लाख. आपल्या वस्तीत हा आकडा ऐकून डोळे मोठे होतात. म्हणून भागाकार करून बघा. सोळा वर्षांचे दिवस होतात ५,८४४. एका दिवसाचे साधारण ८५ रुपये. २०१८-१९ मध्ये रोजगार हमीचा महाराष्ट्रातला रोज २०३ रुपये होता. म्हणजे खड्डे खणणाऱ्याच्या दिवसाची जी किंमत सरकारनंच ठरवली, तिच्या निम्मीही फासाच्या सावलीतल्या दिवसाला आली नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, त्याच न्यायालयानं इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना ५० लाख दिले. त्यांच्यावर हेरगिरीचं खोटं कुभांड रचलं गेलं होतं आणि सुमारे ५० दिवस त्यांनी कोठडीत काढले होते. त्यांना मिळाले ते बरोबरच मिळाले. त्यांच्या पैशावर माझा डोळा नाही. माझा सवाल मापाबद्दल आहे. एका ठिकाणी गेलेलं नाव मोजलं, नासलेलं करिअर मोजलं. दुसऱ्या ठिकाणी मोजायला काही सापडलंच नाही काय? भटक्याला नाव नसतं? त्याचं काही नासत नाही?

हे सापडत का नाही, ते मी नागोठण्यात बसून रोज बघतो. मी लोकांचे अर्ज लिहून देतो. आमच्या पेण-रोह्याच्या वाड्यांवरचे कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. भट्टीवाल्याची उचल आधीच घेतलेली असते. घरचा गडी चोरीच्या संशयात आत गेला तर उचल काही आत जात नाही. ती बायकापोरांच्या अंगावर बसते. वकिलाला द्यायला शेळी विकतात. तारीख म्हणजे खाडा, मग ती रोह्याची असो नाहीतर अलिबागची. दोन-चार वर्षांनी गडी सुटतो. आता त्यानं नुकसान मागायचं ठरवलं, तर टेबलाच्या पलीकडचा साहेब विचारणार, उत्पन्नाचा पुरावा? रोजाची पावती? वकिलाच्या फीची पावती? शेळीची पावती? ज्याच्या जगण्याचीच कधी पावती फाडली गेली नाही त्याच्या मरणाची पावती कुठनं आणायची? पगारदाराचं नुकसान कागदावर आपोआप उमटतं. मजुराचं उमटत नाही. म्हणून मजुराचं नुकसानच झालं नाही, असा हा हिशेब आहे.

आपल्यातली काही तापलेली पोरं म्हणतात, “दादा, घ्यायचेच कशाला पैसे? सोळा वर्षं विकायची काय?” मला या पोरांचा राग आवडतो, पण हा विचार पटत नाही. पैसे घेतल्यानं वर्षं विकली जात नाहीत, कारण ती विकायला काढलेलीच नव्हती. ती चोरली होती. चोरलेला माल परत देता येत नसेल तर चोरानं निदान भरून द्यावं, यात मालकाला कसली लाज? लाज चोराला. भरपाई नाकारून आपण सरकारचं ओझं हलकं करतो, एवढंच.

महाडचं आठवा. आपल्याच जिल्ह्यातलं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी पिऊन झालं होतं. तरी त्याच वर्षीच्या डिसेंबरात तळ्यावर कोर्टाचा दावा आला तेव्हा बाबासाहेबांनी तो सोडून दिला नाही. दहा वर्षं लढले. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल आला. पाणी पोटात गेलं होतं, हक्क कागदावर यायचा होता. भरपाईचंही तेच. पैसा खर्चून जाईल. ‘हे आम्ही केलं’ ही सरकारची कबुली कागदावर राहील. कबुलीशिवाय पैसा दिला तर ती भीक. पैशाशिवाय कबुली दिली तर तो नुसता तोंडाचा वारा. दोन्ही एकत्र आले तरच देणं फिटायला सुरुवात होते.

आता अवघड भाग. तो टाळून चालणार नाही, कारण हा सवाल आपल्याच अंगणात आहे.

कुणी म्हणेल, सुटला त्या प्रत्येकाला भरपाई द्या. थांबा. नगर जिल्ह्यातलं खर्डा आठवतंय? २०१४ साली आपल्या सतरा वर्षांच्या पोराला तिथं मारलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टातनं सगळे आरोपी सुटले. साक्षीदार उलटले होते. त्या आरोपींनाही मग सरकारनं लाखालाखाची थैली द्यायची काय? उद्या असा सरसकट कायदा आला, तर ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला निघालेल्या आपल्या बाईला गावचा पाटील सांगेल, “दे फिर्याद. आम्ही सुटणारच. वर तुझ्याकडनं भरपाई घेऊ.” ही भीती खरी आहे. म्हणून काही कार्यकर्ते म्हणतात, नकोच हा कायदा.

दुसऱ्या बाजूनं सरकार म्हणतं, सुटका झाली म्हणजे निर्दोष असतोच असं नाही. पुराव्याअभावी सुटला. आधी निर्दोष असल्याचं सिद्ध कर, मग पैसे माग. ब्रिटननं २०१४ पासून नेमकं हेच कायद्यात घातलं. गुन्हा केला नाही हे माणसानं संशयापलीकडं सिद्ध करायचं. एवढंच नाही, तर मिळणाऱ्या भरपाईतून जेलमधल्या राहण्याजेवणाचा खर्च कापून घ्यायचीही सोय तिथं होती. ती २०२३ साली बंद झाली. बघा, गोऱ्या साहेबाच्या देशातसुद्धा खोटं कोंडलेल्या माणसाला खानावळीचं बिल लावायचे.

मला वाटतं, दोन्ही बाजू एकाच ठिकाणी चुकतात. दोघंही सुटलेल्या माणसाकडंच बघतात. तो चांगला की वाईट, खरा की खोटा. आयुष्यभर झडती त्याचीच. मी म्हणतो, झडती खटल्याची घ्या. पोलिसानं काय केलं ते बघा. हातात आलेला पुरावा दडवला का? मारून कबुली लिहून घेतली का? साक्षीदार घरी बसून बनवला का? साधी पडताळणी करायची होती ती, समोरचा भटका आहे, पारधी आहे, कातकरी आहे, मुसलमान आहे, महारवाड्यातला आहे म्हणून केलीच नाही का? असं झालं असेल तर देणं लागतं. त्या सहा जणांना ते लागतं, कारण चार फोटोंचा कागद फायलीत होता. खर्ड्याच्या आरोपींना ते लागत नाही, कारण साक्षीदार उलटल्यानं खटला पडणं आणि सरकारनं खोटा खटला रचणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि भरायचं सरकारनं, मग वसूल करायचं त्या अधिकाऱ्याकडून. फिर्याद देणाऱ्या गरिबाच्या अंगावर हे ओझं कधीच टाकायचं नाही. ही एक रेघ नीट ओढली, तर आपलं हत्यार आपल्यावर उलटत नाही.

हे माझ्या डोक्यातलं स्वप्न नाही. विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ च्या २७७व्या अहवालात जवळपास असंच सांगितलंय. खटला दुष्टाव्यानं किंवा सद्भावनेशिवाय चालवला का, हे बघा. अशा दाव्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष न्यायालयं नेमा. माणूस मेला असेल तर वारसांना अर्ज करू द्या. अहवाल आला, आणि १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तीत यातलं काही आलं नाही. आलं ते जुनंच कलम, नव्या नंबरानं. विनाकारण अटक घडवून आणली तर फार तर हजार रुपये. २००५ च्या आधी शंभर होते. एवढीच प्रगती. जुलै २०२५ मध्ये एका फाशीच्या कैद्याला निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयालाच म्हणावं लागलं की याचा विचार कायदे करणाऱ्यांनी करायचा आहे.

कायदा नाही, मग भरपाई मिळते ती कशावर? घटनेच्या ३२व्या आणि २२६व्या कलमावर. ३२वं कलम म्हणजे बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत ज्याला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं ते. त्याच्याच आधारानं १९८३ साली बिहारच्या रुदुल साहला पैसे मिळाले. १९६८ मध्ये निर्दोष ठरलेला हा माणूस १९८२ पर्यंत जेलातच होता. चौदा वर्षांचे ३५ हजार. दिवसाला सात रुपये. पण वाट तर उघडली. अडचण एवढीच, की ही वाट दिल्ली-मुंबईतनं जाते आणि किती द्यायचं ते त्या दिवशीच्या न्यायमूर्तींच्या मनावर राहतं. ज्याला दर ठरलेला नाही, मुदत ठरलेली नाही, खिडकी ठरलेली नाही, तो हक्क गरिबाच्या हातात पोचेपर्यंत मेहेरबानी होऊन जातो.

आपल्यासाठी एक कलम आहे, ते पाठ करा. ॲट्रॉसिटी कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावर खोटी, द्वेषाची केस घालणं हा गुन्हा आहे, कलम ३(१)(पी). २०१६ च्या नियमांनी त्याला मदत ठरवली ८५ हजार किंवा प्रत्यक्ष झालेला खर्च, यातलं जे कमी असेल ते. ‘कमी असेल ते’! देणाऱ्याची दानत या तीन शब्दांत दिसते. शिवाय पहिला हप्ता गुन्हा नोंदल्यावर, म्हणजे पुन्हा पोलिसाच्याच दारात जायचं. आणि भटक्या-विमुक्तांतल्या बहुतेक जमाती महाराष्ट्रात अनुसूचित यादीत नाहीत, त्यांना हेही कलम नाही.

म्हणून कायदा येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. प्रत्येक वस्तीत एक वही घाला. कोण कधी धरला, कुठल्या तारखेला कोर्टात गेला, किती खाडे पडले, एस.टी.ला किती गेले, वकिलाला किती, उचल किती अंगावर आली, कुठली शेळी, कुठली नथ गेली, पोर कुठल्या यत्तेतनं शाळा सोडून गेलं. दोन शेजाऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. सरकारनं पावती फाडली नाही, तर आपण फाडू. उद्या खिडकी उघडेल तेव्हा आपला माणूस रिकाम्या हातानं उभा राहता कामा नये.

अर्ज लिहिताना एक करा. ‘मदत मिळावी ही नम्र विनंती’ असं लिहू नका. ‘येणे बाकी’ असं लिहा. शब्द साधा आहे, वाण्याच्या वहीतला आहे. वाण्यानं आपल्या बापजाद्यांकडून तो पिढ्यान् पिढ्या वसूल केला. आता एकदा आपल्या वहीत, आपल्या अक्षरात, सरकारच्या नावावर तो लिहून ठेवा.

जयभीम.