भुसारवाल्यांचे देणे

जुन्नरच्या लेण्यांत एक अगदी छोटा ब्राह्मी शिलालेख आहे. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले, एवढेच तो सांगतो. खोलीला त्यात ‘गभ’ म्हटले आहे, टाक्याला ‘पोढी’ आणि दानाला ‘देयधम’. राजाचे नाव नाही, वर्ष नाही, देणाऱ्यांपैकी एकाचेही नाव नाही. आजच्या बोलीत सांगायचे तर, सुमारे अठराशे वर्षांपूर्वी जुन्नरच्या भुसारवाल्यांनी एकत्र येऊन कातळात सात खोल्यांचा एकांत खोदून दिला.

पुण्याच्या मंडईत गेलो की हा लेख मनात येतो. अष्टकोनी मनोऱ्याखाली पाट्या उतरत असतात, गाळ्यांवर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या रचल्या जातात, पारडी वर-खाली होत राहतात. एकांताला याहून परकी जागा कोणती? तरीही एकांताचा खर्च अशाच जागांनी उचलला आहे.

इजिप्तच्या वाळवंटातले उत्खननही हेच सांगते. चौथ्या शतकात ख्रिस्ती विरक्तांनी नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला केलिया ही वसाहत केली. या नावाचा अर्थच ‘खोल्या’. आंत्वान गियोमाँ या फ्रेंच अभ्यासकाला १९६४मध्ये ती जागा पुन्हा गवसली, आणि कच्च्या विटांच्या सुमारे दीड हजार आश्रमांचा पसारा हळूहळू उलगडला. प्रार्थनेच्या कोनाड्यांजवळच स्वयंपाकघरे आणि विहिरी होत्या. तिकडे दक्षिणेत, लक्सरसमोरच्या डोंगरात एपिफानिअसचा मठ आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने केलेल्या तिथल्या उत्खननाचा वृत्तांत १९२६मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीत हातमागांचे खड्डे मिळाले, आणि मिळाली फुटक्या खापरांवर कॉप्टिक भाषेत लिहिलेली पत्रे. कुणी त्यांत धान्याची बोलणी करतो, कुणी आजाऱ्यासाठी प्रार्थना मागतो. जग सोडून गेलेल्यांच्या दारात जग असे खापरावर बसून येत होते.

आपल्याकडे वाळवंट नव्हते; अरण्य होते आणि सह्याद्रीचा कातळ होता. कार्ल्याच्या चैत्यगृहातले लेख वाचताना भिक्षूंपेक्षा देणारेच अधिक भेटतात. धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, तिथलाच सुतार सामी, आणि स्वतःला यवन म्हणवणारे कितीतरी जण. पुण्यात राहून या डोंगरवाटा पायी तुडवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी लेणी आणि व्यापारी मार्ग यांचे नाते आग्रहाने मांडले. नाशिकच्या लेण्यात तर उषवदात या दात्याने हिशेबच कोरून ठेवला आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने तीन हजार कार्षापण ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला येणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. गणित चोख जुळते: दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस बारे दोनशे चाळीस.

हा हिशेब वाचून वैराग्याची किंमत कमी झाली असे मला कधी वाटले नाही. उलट बाजाराविषयीचा आदर वाढला. मराठीत ‘देणे’ म्हणजे देण्याची क्रिया, आणि ‘देणे’ म्हणजे कर्जही. ‘देयधम’ या शब्दात मला दोन्ही अर्थ ऐकू येतात. दिवसभर माप भरणाऱ्या माणसाला कधीतरी वाटत असले पाहिजे, की मापात न बसणारे काहीतरी आपण कुणाचे तरी लागतो. ते फेडायचे कसे? आपल्याला जमणार नाही अशा शांततेसाठी आपल्या कमाईतून जागा करून द्यायची. जुन्नरच्या धान्यवाल्यांनी तेच केले, आणि व्यवसायाचे नाव पुरे मानले.

मंडईची इमारत १८८६मध्ये उघडली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. गावाचा पैसा आधी कशाला लागतो, हा त्यांचा सवाल होता, आणि आज मंडई त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दगड टिकतो, पण त्यावर कोणाचे नाव राहावे हे पुढच्या पिढ्या ठरवतात.

मावळात बेडशाच्या लेण्यांपाशी कातळातला एक लहान स्तूप आहे. तो गोभूती नावाच्या भिक्षूचा. त्याच्या शिष्याने करवून घेतलेला. लेखात गोभूतीला दोन विशेषणे आहेत. एक ‘आरण्यक’, म्हणजे रानात राहणारा. दुसरे ‘पिंडपातिक’, म्हणजे पात्रात पडेल त्या भिक्षेवर जगणारा. पहिला शब्द सांगतो की त्याने गाव सोडले. दुसरा सांगतो की भिक्षेसाठी तो त्याच गावात पुन्हा पुन्हा उतरत होता.

मठांच्या साऱ्या पुरातत्त्वाचा सारांश मला या दोन शब्दांत दिसतो. डोंगरातली खोली आणि गावातली चूल यांच्यामध्ये एक पायवाट असते. उत्खननात ती सापडत नाही, कारण पावले दगडासारखी टिकत नाहीत. पण ती नसती तर खोली रिकामी राहिली असती, आणि चुलीलाही आपल्या घासापलीकडे काही आहे हे कळले नसते. मंडईत पिशवी भरून निघताना मी त्या सात खोल्यांचा विचार करतो. आपल्या ओळखीच्या कोणाच्या एकांताला, अभ्यासाला, शांततेला आपण काय देणे लागतो, हे घरी पोचेपर्यंत मनात मोजत राहतो.