समोरचे ताट



लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू बहात्तर शिष्यांना गावोगाव पाठवतो. थैली नको, झोळी नको, वहाणाही नकोत. पण आणखी एक सूचना तो देतो, जी आपण वाचतो आणि विसरतो : ज्या घरी उतराल तिथे समोर वाढतील ते खा. थोड्या फरकाने ती दोनदा येते.

2024 साली आम्ही सिंगापूरला गेलो होतो. तिथे नोकरीला असलेल्या मित्रांनी रविवारच्या मिस्सानंतर आम्हाला ऑर्चर्ड रोडवरील लकी प्लाझात एका फिलिपिनो हॉटेलात नेले. घरकाम करणाऱ्या फिलिपिनो भगिनी सुट्टीच्या दिवशी तिथे जमतात. गर्दी एवढी की टेबल त्यांच्याबरोबर वाटून घ्यावे लागले. सिनिगांग म्हणजे चिंचेचे आंबट सार, ते आवडले. व्हिनेगर, सोया सॉस आणि लसणातले अदोबोही संपले. मग काळपट रस्सा आला, दिनुगुआन. सोबत पुटो, आपल्या इडलीची बहीणच. 'दुगो' म्हणजे रक्त आणि रस्सा डुकराच्या रक्तातला, हे कळताच आम्ही वाटी हळूच दूर सारली. समोरच्या बाईने ते पाहिले. काही बोलली नाही, आपल्या वाटीत तेच होते, ते खाली मान घालून खाऊ लागली.

मित्र म्हणाला, "फादर, नाताळात सोरपोतेल दोनदा मागून घेता. जुन्या रीतीच्या सोरपोतेलात काय घालत?"

आम्ही वाटी परत ओढली. चव ओळखीची निघाली!

भात मात्र फिका वाटला, आणि आम्ही मावळच्या इंद्रायणीची बढाई मारली. तीही अंगाशी आली. इंद्रायणी आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातली, 1987 सालची. तिचा एक पालक आंबेमोहोर 157 आणि दुसरा आयआर-8. हा आयआर-8 फिलिपिन्समधील लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1966 साली दिलेला. पावसाळ्यात आपल्या खाचरांत जी लावणी होते, तिच्यात तिकडचा दाणा आहे.

देणे सोपे असते, वाढणाऱ्याचा हात वर असतो. घेणाऱ्याला हात पुढे करावा लागतो. प्रभूने शिष्यांची झोळी काढून घेतली ती याचसाठी असावी. शिदोरी बांधून निघालेल्याला कोणाच्या चुलीची गरज पडत नाही, आणि मग तो घरात पाहुणा न राहता तपासनीस होतो.

आम्ही तसे झालो आहोत. मागच्या वर्षी घरे आशीर्वादित करताना बांधकामावर काम करणाऱ्या एका कुटुंबाच्या पत्र्याच्या खोलीत गेलो. बाईंनी भाकरी आणि सुकटीची चटणी करून ठेवली होती. घाई आहे म्हणून आम्ही पाणी पिऊन निघालो. पुढच्या बंगल्यात केक आणि वाईन होती. तिथे अर्धा तास बसलो. घाई कुठे गेली होती, ते बरोबरच्या मंडळींनाही ठाऊक आहे. ते कुटुंब मिस्साला येते, मागच्या बाकावर बसते आणि चहाला न थांबता निघून जाते. त्यांना कोणी थांबवत नाही, आम्हीही नाही.

गेल्या रविवारी दारात गाठून त्या बाईंची क्षमा मागितली आणि येत्या गुरुवारी संध्याकाळी जेवायला येऊ का, असे विचारले. त्या आधी गोंधळल्या, मग म्हणाल्या, "चिकन करते, फादर."

सुकटच करा, म्हणून सांगितले आहे.