खिडकी लावून केलेला व्यायाम

आमच्या दिवाणखान्यांत गेले आठ महिने रोज सकाळीं एक चमत्कारिक आखाडा भरतो. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर हिरवेंगार रान पसरलेलें असतें, त्यांतून एक तरुण धांवत असतो, आणि पडद्यासमोर सतरंजीवर आमच्या सौभाग्यवती, वय वर्षें ६२, पदर खोंचून व दोन्ही हातांत एक लवचीक कडें धरून जागच्या जागीं धांवत असतात. कडें दाबलें कीं पडद्यावर वाऱ्याचा झोत सुटतो. उठाबशा काढल्या कीं समोरच्या राक्षसाला तडाखे बसतात. आणि तो गतप्राण झाला कीं एक अदृश्य वाणी त्यांची मुक्तकंठानें स्तुति करते. संसाराच्या चाळीस वर्षांत आमच्याकडून एवढी स्तुति त्यांच्या वांट्यास आली नव्हती, हें प्रांजलपणें कबूल केलें पाहिजे.

हें खेळणें आमच्या कन्येनें परदेशाहून येतांना आणलें. निंटेंडो या जपानी कंपनीनें तें २०१९ सालीं विक्रीस काढलें असून त्याचें नांव ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’ असें आहे. कड्यावर किती जोर पडला हें मोजण्याची योजना कड्यांतच आहे. डाव्या मांडीस पट्ट्यानें बांधलेली एक छोटी दांडी पाय किती उचलला, गुडघा किती वांकला हें यंत्राला कळविते. आणि उजव्या दांडीवर अंगठा टेकला कीं नाडीचे ठोकेहि मोजले जातात. याच कंपनीनें २००६ सालीं हात हालवून खेळावयाचा ‘वी’ हा खेळ काढला होता, व पुढच्याच वर्षीं पायांखालीं घ्यावयाचा, तोल मोजणारा एक पाट त्याला जोडून दिला. जपानांतहि लोक एकावर एक रचलेल्या बिऱ्हाडांतून राहत असल्यामुळें प्रस्तुत खेळांत मौनाची एक सोय ठेविली आहे : धांवण्याऐवजीं गुडघे किंचित् लववून उठलें तरी यंत्र तें धांवणेंच समजतें, आणि खालच्या मजल्यावर धपधप ऐकूं जात नाहीं. आम्हांला ही सोय खालच्या बिऱ्हाडांतून निरोप आल्यावर सांपडली.

आमचे एक स्नेही आहेत. त्यांचें बालपण साताऱ्याच्या एका तालमींत गेलें, आणि तेथील लाल माती अद्याप त्यांच्या बोलण्यांतून झडते. त्यांनीं एका सकाळीं हा प्रकार पाहिला, चहा संपविला आणि ते म्हणाले, "हें घामाला लांच देणें झालें." हा आक्षेप विनोदानें उडवून लावण्यासारखा नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, व्यायामानें दंड भरतात ही गौण गोष्ट. पहांटे अंथरूण सोडावेंसें वाटत नसतां जो तें सोडतो त्याच्या इच्छेला वळण लागतें, हें मुख्य. गुणांच्या आणि गोष्टीच्या आमिषानें हातपाय हालले, तर स्नायु जागे होतील, पण इच्छा झोंपलेलीच राहील. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे तरुण १९३६ सालीं ऑलिंपिकच्या वेळीं बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले, ते कांहीं राक्षस मारल्याचे गुण मिळवून तयार झाले नव्हते, असेंहि त्यांनीं जातां जातां सुनावलें.

आम्हीं या आक्षेपाचा पुष्कळ विचार केला. आमिष तेवढें वाईट, असें मानलें तर जत्रेंतल्या कुस्तीचा नारळ आणि फेटा यांचें काय करावयाचें? तालमींतून परततांना मिळणाऱ्या दुधाच्या पेल्यावर डोळा ठेवून जोर काढणारीं पोरें आमच्या स्नेह्यांनींहि पाहिलीं असतील; कदाचित् ते स्वतःच त्यांतले एक असतील. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि यांचें उदाहरण तर फारच बोलकें आहे. सूर्यनमस्कारांचा प्रसार त्यांनीं संस्थानांतल्या शाळांतून मोठ्या निष्ठेनें केला. परंतु त्यापूर्वीं कित्येक वर्षें ते युजेन सँडो या युरोपियन मल्लाच्या पद्धतीनें व्यायाम करीत असत. परदेशी साधन हातीं धरणारा मनुष्य त्याच साधनाशीं जन्मभर खिळून राहतो असें नाहीं. शिवाय नमस्कार हा मुळांत घरच्या घरीं, साडेतीन हात जागेंत, कोणाच्या देखरेखीवांचून करतां येण्याजोगा व्यायाम; तेव्हां घरांतला व्यायाम तेवढ्यावरून हीन ठरत नाहीं.

आणखी एक गोष्ट आमच्या स्नेह्यांच्या ध्यानांत आली नाहीं. खरें म्हणजे आमच्याहि आली नव्हती. ती सौभाग्यवतींनींच सांगितली. त्यांच्या माहेरच्या वाड्यामागें तालीम होती. भिंतीपलीकडून शड्डूचे आवाज येत, मातींत अंग आपटल्याचे आवाज येत. धाकटा भाऊ सात वर्षांचा झाला तसा लंगोट घेऊन तिकडे जाऊं लागला. "आम्ही बहिणी नुसत्या आवाजावरून कोण पडला तें ओळखायचों," असें त्या म्हणाल्या. आंत काय आहे हें त्यांनीं आजतागायत पाहिलेलें नाहीं. ज्या विद्येचें दार अर्ध्या घराला बंद होतें, तिच्या नांवानें या बाईंची इच्छा झोंपलेली आहे असें म्हणण्याचें धैर्य आम्हांला तरी होत नाहीं.

तथापि स्नेह्यांचें एक वाक्य मनांतून जाईना : "वस्तादाची नजर कोठून आणाल?" त्याची प्रचीति आम्हांलाच यावयाची होती. सौभाग्यवतींच्या आग्रहास्तव आम्हीहि मांडीला पट्टा बांधूं लागलों होतों. एके दिवशीं रात्रीं झोंप बरी लागली नव्हती, म्हणून आम्हीं तो पट्टा सोडून हातांत घेतला आणि आरामखुर्चींत बसून तालावर हालवूं लागलों. पडद्यावरील तरुण डोंगर चढूं लागला. यंत्रानें आम्हांस शाबासकी दिली. इतक्यांत सौभाग्यवती चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनीं क्षणभर पडद्याकडे पाहिलें, मग आमच्याकडे. "अहो, धांवतंय कोण?" एवढेंच त्यांनीं विचारलें.

आम्ही ओशाळलों, आणि ओशाळलों म्हणूनच विचारांत पडलों. घरांत एकटे असतों तर ओशाळलों असतों काय? यंत्राला आम्हीं फसविलें असें म्हणणेंहि चूक, कारण फसण्यासाठीं आधीं विश्वास ठेवावा लागतो. तें मोजतें, पाहत नाहीं. वस्ताद पाहतो. पोरगें आज उपाशी आलें आहे, घरीं बाप आजारी आहे, हा जोर थकव्यानें चुकला आणि तो कंटाळ्यानें, हा भेद त्याला पाठीच्या रेषेवरून कळतो. त्याची शाबासकी महिन्यांतून एकदां मिळते, म्हणून ती लक्षांत राहते. यंत्राची स्तुति खऱ्या धांवणाऱ्याला आणि खुर्चींतल्या धांवणाऱ्याला सारखीच. मग सौभाग्यवती आठ महिने प्रामाणिक राहिल्या त्या कोणाच्या नजरेला भिऊन? कोणाच्याच नाहीं. स्नेह्यांना ज्या इच्छेची काळजी होती तिची कसोटी येथें अधिकच कडक आहे, असें आम्हांस वाटतें; कारण वस्तादापुढें लबाडी करणें कठीण, आणि येथें ती बसल्या जागीं करतां येते.

येथवरचा हिशेब खेळण्याच्या बाजूनें जमेचा आहे. खर्चाची बाजू आम्हांला उशिरां दिसली, आणि आम्ही राहतों त्या गांवाशीं तिचा संबंध आहे.

आम्ही तळोज्यांत राहतों. एका अंगाला सिडकोनें वसविलेल्या इमारती, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहतीचे कारखाने, आणि त्या कारखान्यांचें पाणी सोसणारी कासाडी नदी, अशी येथील ठेवण आहे. रात्रीं वारा फिरला कीं रसायनांचा दर्प घरांत शिरतो. २०१७ सालच्या ऑगस्टांत औद्योगिक वसाहतींतलीं कांहीं भटकीं कुत्रीं निळीं झालेलीं दिसलीं व त्यांचीं छायाचित्रें जगभर छापून आलीं. एका कारखान्यांतल्या रंगाचा तो प्रताप होता, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानें तो कारखाना बंद करविला. पुष्कळांना ती एक गंमत वाटली. कासाडीच्या पाण्यावर ज्यांची मासेमारी चाले त्यांचीहि तक्रार होतीच. पण तींत छायाचित्र घेण्यासारखें निळें कांहीं नव्हतें.

नोव्हेंबर २०२३ मध्यें बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, तेव्हांपासून पेंधर स्थानकाच्या बाजूस पहांटे फिरावयास जाण्याचा आमचा परिपाठ होता. दहा-बारा वृद्ध जमत. पायांपेक्षां तोंडें अधिक चालत, हें खरें. परंतु रात्रीं दर्प आला तर सकाळीं त्याची चर्चा होई, चर्चेंतून अर्ज निघे, त्यावर सह्या होत, आणि कोणी तरी तो कचेरींत नेऊन देई. अर्जांचा उपयोग किती झाला हा प्रश्न निराळा. खेळणें आल्यावर आम्हीं फिरणें सोडलें. खिडकी लावून, पंखा सोडून, स्वच्छ हिरव्या रानांत धांवण्याची सोय झाल्यावर बाहेरच्या वाईट हवेंत कोण जातो? डॉक्टरांनींहि या शहाणपणास मान डोलविली.

गेल्या महिन्यांत त्या मंडळींपैकीं एक गृहस्थ नवा अर्ज सहीसाठीं ठेवून गेले. तो पडद्याखालच्या कपाटावर, कड्याच्या शेजारीं, अकरा दिवस पडून होता. रोज सकाळीं तो बाजूस सारून आम्ही कडें उचलीत होतों. याला आळस म्हणावें, तर आळशी मनुष्य रोज अर्धा तास उठाबशा काढीत नाहीं. आम्हांला दर्पाचा रागच येईनासा झाला होता. बाहेर पडण्याची गरज होती तोंवर बाहेरची हवा आमची होती. ती गरज एका कड्यानें भागविली, तशी ती हवा दुसऱ्यांची झाली : पाळीवर सायकलीनें जाणाऱ्या कामगाराची, फाटकावरच्या पहारेकऱ्याची, नदीवर जाणाऱ्या कोळ्याची. मिळविलेलें आरोग्य खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. नाडी सुधारली आहे, सौभाग्यवतींचा गुडघा दुखत नाहीं. पण त्या आरोग्यानें आम्हांला एका सामाईक तक्रारींतून मोकळें केलें, आणि असें मोकळें होण्याचा आम्हांला अधिकार होता काय, या प्रश्नाला होकार देतां येत नाहीं.

हें स्नेह्यांना कळविलें, तेव्हां त्यांना वाद जिंकल्याचा आनंद झाला. आम्हीं त्यांना एवढेंच विचारलें कीं, वाड्यामागची ती भिंत तरी बहिणींना विचारून बांधली होती काय? त्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

रविवारीं सकाळीं सौभाग्यवतींनीं खेळ आटोपला, अंगठा टेकून नाडी पाहिली आणि अर्ज हातांत घेतला. आम्हीं दोघांनीं सह्या केल्या व जिन्यानें खालीं उतरलों. पहिलें दार खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचें. त्या बाईंनीं अर्ज पाहण्यापूर्वींच विचारलें, "काकू, हल्लीं तुमच्या धांवण्याचा आवाज येत नाहीं. सोडून दिलंत कीं काय?" सौभाग्यवतींनीं त्यांना मौनाची युक्ति समजावून सांगितली, दारांतच गुडघे लववून ती करून दाखविली, आणि मग अर्ज व लेखणी पुढें केली.