चाच्याचे उत्तर

संत ऑगस्तीन यांनी ‘देवाची नगरी’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडात एक जुनी कथा सांगितली आहे. समुद्रावर लूटमार करणाऱ्या एका चाच्याला पकडून सिकंदरापुढे उभे करण्यात आले. समुद्राला उपद्रव देण्याचे तुला कारण काय, असे सम्राटाने विचारताच तो उत्तरला की, साऱ्या पृथ्वीला उपद्रव देण्याचे तुला जे कारण, तेच मला. माझे गलबत लहान म्हणून मी दरोडेखोर ठरलो, तुझे आरमार मोठे म्हणून तू सम्राट. ऑगस्तीन यांना हे उत्तर मार्मिक वाटले. न्याय वजा केला तर राज्य आणि लुटारूंची टोळी यांत अंतर ते काय उरते, हाच त्यांचा प्रश्न होता. कथा प्रसिद्ध आहे. परंतु ती सांगताना एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. चाच्याने सम्राटाला निरुत्तर केले खरे, पण ज्यांची गलबते त्याने लुटली होती त्यांना तो काय म्हणाला असता, हे कथेत कोठेच नाही.

ब्रह्मदेशातील खुन सा याचे चरित्र वाचताना ही कथा पदोपदी आठवते. त्याचे मूळ नाव चांग ची-फू. वडील चिनी, आई शान. १९३४ साली शान प्रांताच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात त्याचा जन्म झाला. शान संस्थानिकांनी १९४७ च्या पांगलाँग करारान्वये ब्रह्मी नेत्यांच्या हातात हात दिला होता आणि दहा वर्षांनंतर संघराज्यातून बाहेर पडण्याचा हक्क घटनेने शान प्रांताला दिला होता. तो हक्क कागदावरच राहिला. १९५८ च्या सुमारास शान तरुणांनी शस्त्रे उचलली. १९६२ साली जनरल ने विन यांनी सत्ता बळकावल्यावर तर बोलणीच संपली.

गंमत अशी की खुन सा याला पहिल्याने मोठे केले ते सरकारनेच. बंडखोरांशी लढण्यासाठी १९६३ पासून गावोगावच्या टोळीप्रमुखांना गृहरक्षक दलांची मान्यता मिळाली. त्यांना पगार देण्याइतका पैसा खजिन्यात नव्हता, म्हणून सरकारी रस्त्यांवरून अफू नेण्याची मुभा हाच त्यांचा पगार ठरला. पुढे खुन सा सरकारवर उलटला. १९६७ साली सुमारे १६ टन अफू खेचरांवर लादून त्याचा तांडा लाओसच्या सीमेपार गेला. चिनी राष्ट्रवादी सैन्याच्या तुकड्या त्याच्यावर तुटून पडल्या आणि लाओसच्या सेनापतीने दोघांवरही विमानांतून बाँब टाकून माल स्वतः पळविला. १९६९ साली त्याला अटक झाली. १९७३ साली त्याच्या माणसांनी ताउंजी येथून दोन सोव्हिएत डॉक्टरांना पळवून नेले आणि त्यांच्या बदल्यात त्याची मुक्तता घडवून आणली. थायलंडच्या हद्दीतील त्याच्या तळावर १९८२ साली थाई सैन्याने हल्ला केला, तेव्हा तो सीमेपलीकडे होमाँग येथे सरकला. १९८५ साली दुसऱ्या एका शान संघटनेशी हातमिळवणी होऊन त्याचे ‘माँग ताई सैन्य’ उभे राहिले. जगाच्या बाजारातील हेरॉइनचा फार मोठा हिस्सा त्या काळी याच डोंगरांतून जात असे.

या माणसाने आपल्या बचावार्थ जे सांगितले ते झटकून टाकण्यासारखे नाही. आमचे लोक हौसेने अफू पिकवीत नाहीत, त्यांना तांदूळ आणि कपडा हवा असतो, असे तो पाहुण्या पत्रकारांना सांगे. ते खरेच होते. जेथे रस्ता नाही तेथून कोबी बाजारापर्यंत पोहोचत नाही. अफू मात्र वजनाला हलकी, किमतीला भारी आणि महिनोन्महिने टिकणारी. संध्याकाळी बोंडांना चिरा द्यायच्या, सकाळी गोठलेला चीक खरवडून घ्यायचा आणि व्यापाऱ्याकडून आगाऊ उचललेल्या तांदळाची फेड करायची, असे डोंगरातल्या बाईचे अर्थशास्त्र होते. त्या बाईला पापी ठरविण्यास माझी लेखणी तरी धजावत नाही.

आणि मुंबईच्या परिसरात राहणाऱ्या आपण तर जरा जपूनच बोलावे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू मुंबईहून, तशीच पोर्तुगीजांच्या दमणहून, चीनकडे जात असे. १८४५ साली उघडलेले जे. जे. रुग्णालय ज्यांच्या देणगीने उभे राहिले, त्या सर जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीतही या व्यापाराचा वाटा मोठा होता. त्यावेळी तो कायदेशीर होता, इतकेच.

तेव्हा चाच्याचे उत्तर येथेही लागू पडते. खुन सा याला दोषी ठरविणाऱ्यांचे हात स्वच्छ नव्हते. पण म्हणून त्याचे हात स्वच्छ झाले काय?

या प्रश्नाचा उलगडा मला त्याच्या होमाँगमधील एका नियमात दिसतो. आपल्या सैनिकांना अफू-हेरॉइन सेवनाची त्याने सक्त मनाई केली होती. व्यसनी माणसास सक्तीने कोंडून त्याची सवय मोडली जाई. याचा अर्थ उघड आहे. आपण जे विकतो ते विष आहे, हे तो पुरेपूर जाणत होता. अज्ञानाची सबब त्याला नव्हती. ज्या विषापासून तो स्वतःच्या मुलांना राखीत होता तेच तो परक्यांच्या मुलांकडे धाडीत होता. आणि ते परके फार दूरचे होते असेही नाही. ब्रह्मदेशातील हेरॉइन मोरेच्या वाटेने मणिपुरात उतरले आणि १९९० च्या आसपास एकाच सुईवर भागविणाऱ्या तरुणांमध्ये एच.आय.व्ही.चा फैलाव झाला. मणिपुरी मातेने शान स्वातंत्र्याचा कर का भरावा, या प्रश्नाला त्याच्या युक्तिवादात जागाच नाही. गरजेमुळे दोष हलका होतो, हे मान्य; परंतु गरज बाईची होती आणि ती सबब पुढे करीत होता सेनापती. दुसऱ्याची भूक अशी उसनी घेता येत नाही.

त्याने अमेरिकेपुढे एकदा नव्हे, अनेकदा प्रस्ताव ठेवला होता: सारे पीक विकत घ्या, विकासासाठी मदत द्या, मी हा धंदा बंद करतो. अमेरिकेने तो नाकारला आणि १९९० साली न्यूयॉर्क येथील त्याच्यावरील आरोपपत्र जाहीर झाले. पुढे त्याच्या अटकेसाठी वीस लाख डॉलरांचे इनामही लागले. प्रस्ताव प्रामाणिक होता की ती खंडणी होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या मते तो दोन्ही असू शकेल. मनुष्य स्वतःच्या हेतूविषयी नेहमीच एकमताचा असतो असे थोडेच आहे? मात्र हेतू जेथे दिसत नाही तेथे निवड दिसते.

ती वेळ लवकरच आली. १९९३ च्या डिसेंबरात त्याने शान प्रांताचे स्वातंत्र्य घोषित केले. १९९५ साली त्याच्याच सैन्यातील एक गट, शानांच्या लढ्यापेक्षा येथे धंद्यालाच मान आहे अशी तक्रार करीत, वेगळा झाला. आणि १९९६ च्या जानेवारीत खुन सा याने ब्रह्मी लष्कराशी तह करून होमाँग त्यांच्या स्वाधीन केले. हजारो सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. अमेरिकेच्या हवाली त्याला करण्यात आले नाही. सरकारच्या छत्राखाली तो रंगूनला राहिला आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, तेथेच वारला.

यॉद सर्क नावाच्या त्याच्या एका अधिकाऱ्याने शरणागती नाकारून लढा चालू ठेवला. तो मोडण्यासाठी लष्कराने १९९६ ते १९९८ या काळात मध्य शान प्रांतातील चौदाशेंच्या आसपास खेडी रिकामी करविली. तीन लाखांहून अधिक माणसे घराबाहेर काढली गेली. जी सीमा ओलांडून गेली त्यांना थायलंडने निर्वासित म्हणून मान्यता दिली नाही. त्यांच्यातील पुष्कळजण चियांग माईकडील संत्र्यांच्या बागांत आणि इमारतींच्या कामांवर मजुरीला लागले.