न ऐकल्याचा दोष

१९७३ सालच्या ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी इस्रायलच्या दक्षिण विभागातील बिन्यामिन सिमान-तोव्ह नावाच्या एका तरुण लेफ्टनंटाने आपल्या वरिष्ठांना एक टिपण दिले. सुएझ कालव्यापलीकडे इजिप्तचा जो लष्करी सराव चालला आहे, तो सराव नसून युद्धाच्या तयारीवरचे पांघरूण असावे, असे त्यात म्हटले होते. ३ तारखेला त्याने दुसरे टिपण दिले. दोन्ही कागद वरच्या पायरीपर्यंत पोहोचलेच नाहीत. ६ ऑक्टोबरला, यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास इजिप्त व सीरिया यांनी एकाच वेळी हल्ला चढविला. अडीच हजारांहून अधिक इस्रायली सैनिक त्या युद्धात कामी आले. दुसऱ्या बाजूची हानी त्याहूनही पुष्कळ मोठी होती.

माहिती नव्हती असे म्हणता येत नाही, आणि आमच्या मते प्रश्नाचे मर्म येथेच आहे. जॉर्डनचे राजे हुसेन २५ सप्टेंबरला स्वतः पंतप्रधान गोल्डा मायर यांना गुप्तपणे भेटून सावध करून गेले होते. सोव्हिएत सल्लागारांची बायकामुले घाईघाईने मायदेशी परतत होती. परंतु लष्करी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख एली झइरा यांच्या मनात एक सिद्धान्त पक्का बसला होता: लांब पल्ल्याची शस्त्रे हाती आल्यावाचून इजिप्त लढणार नाही, आणि इजिप्तवाचून सीरिया लढणार नाही. हा सिद्धान्त मूर्खपणाचा नव्हता. एके काळी तो खराही होता. त्यातच त्याच वर्षी मे महिन्यात युद्धाची आवई उठली, सैन्याने खर्चिक तयारी केली, आणि काही होणार नाही म्हणणारे झइराच बरोबर ठरले. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण नेहमी ओरडणाऱ्या मुलाच्या बाजूने सांगतो; ऐकणाऱ्या गावकऱ्यांच्या बाजूने क्वचितच.

मग दोष कोणाचा? न्यायमूर्ती आग्रानात यांच्या आयोगाने १९७४ च्या एप्रिलमध्ये सेनाप्रमुख एलाझार व झइरा यांना पदावरून दूर करण्याची शिफारस केली. राजकीय नेतृत्वावर मात्र ठपका ठेवला नाही. लोकांना ते रुचले नाही, आणि मायर यांनी पद सोडले. संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचे दोन प्रकार मानले आहेत: प्रयत्न करूनही जे दूर होत नाही ते, आणि जे दूर करता आले असते, पण केले नाही ते. पहिले माणसाला दोषमुक्त करते, दुसरे करीत नाही. झइरांनी ते टिपण वेळेवर पाहिलेच नव्हते असे मानू या. तरीही कनिष्ठाचा कागद वर येऊ न देणारी रीत ज्या विभागात रुजली, त्या विभागाचे प्रमुख तेच होते. पन्नास वर्षांनी, निकाल ठाऊक असताना, आम्ही हे सहज लिहितो याची जाणीव आम्हांस आहे; म्हणूनच चुकीच्या अंदाजाबद्दल आम्ही त्यांना दोष देत नाही. दोष देतो तो दार लावून घेतल्याचा.

या अनुभवातून इस्रायलने एक उपाय काढला: गुप्तवार्ता विभागातच प्रचलित मताविरुद्ध बाजू मांडणारे एक स्वतंत्र कार्यालय. ही युक्ती आपल्या परिचयाची आहे. पोप पाचवे सिक्स्टस यांच्या काळात, १५८७ साली, संतपदासाठी सुचविलेल्या व्यक्तीविरुद्ध आक्षेप घेण्याचे काम एका अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणू लागले. (पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८३ साली ती पद्धत बदलली.) पण आक्षेप घेणे ज्याचे नेमून दिलेले काम आहे, त्याचा आक्षेप मनावर घेतलाच जाईल याची हमी कोण देणार? रोज विरोध करणाऱ्याकडे पाहण्याची आपल्याला सवय होऊन जाते.

ते कार्यालय असतानाच ७ ऑक्टोबर २०२३ उजाडला. सुमारे बाराशे माणसे त्या दिवशी मारली गेली, आणि पुढील युद्धात गाझात हजारो मुलांसह कित्येक दशसहस्र माणसे. हमासच्या हल्ल्याचा आराखडा वर्षभर आधीच हाती आला होता. तो त्यांच्या आवाक्याबाहेरचा समजला गेला. गाझाच्या कुंपणापाशी पडद्यांवर नजर ठेवून बसणाऱ्या तरुण मुली-सैनिकांनीही पलीकडच्या हालचाली नेहमीसारख्या नाहीत असे वारंवार कळविले होते. सिमान-तोव्ह निदान लेफ्टनंट तरी होता. या मुलींच्या खांद्यांवर तेवढाही हुद्दा नव्हता. त्यांतील अनेक जणी त्याच दिवशी मारल्या गेल्या, आणि काहींना ओलीस म्हणून गाझात नेण्यात आले.