आपल्या हातचें घर

“घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून” ही म्हण आपण बहुधा खर्चाच्या संदर्भांत वापरतों. अंदाजाची रक्कम हां हां म्हणतां दुप्पट होते, गवंडी वेळेवर येत नाहीं, सुतार एक दार बसवून नाहींसा होतो, आणि घरधनी कपाळाला हात लावून ही म्हण उच्चारतो. पण तिचा शब्दार्थ याहून खोल आहे. घर म्हणजे काय हें बांधल्याखेरीज कळत नाहीं, असें ती सांगते. अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत आपल्या घराचें काम आपणच करण्याची हौस वाढत आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सजविलेल्या खोल्यांचीं चित्रें पाहावयाचीं, रंगाचा डबा आणावयाचा, आणि सुटीच्या दिवशीं भिंत रंगवावयाची किंवा पुस्तकांसाठीं फळी ठोकावयाची. या हौसेचें आम्ही स्वागतच करतों. परंतु तिच्या पाठीमागें नीतीचा एक प्रश्न उभा आहे. आपल्या हातानें केलेलें काम विकत घेतलेल्या कामाहून श्रेष्ठ कां मानावें?

या प्रश्नाचें एक उत्तर एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत रस्किन आणि विल्यम मॉरिस यांनीं दिलें. कारखान्याच्या पद्धतीनें कारागिराचा आनंद हिरावून घेतला, आणि आनंदावांचून केलेल्या वस्तूंत सौंदर्य उतरत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. मॉरिसनें १८६१ सालीं मित्रांच्या साहाय्यानें पेढी काढली, आणि भिंतीवर लावावयाचे नक्षीचे कागद, रंगीत कांच, लांकडी सामान असा सुंदर माल तयार करविला. पण तो इतका महाग पडे कीं बहुतांशीं धनिकांच्याच दिवाणखान्यांत गेला. आनंद ही मोठी गोष्ट आहे खरी, पण केवळ तिच्यावर हा निवाडा करतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. अधिक पक्कें उत्तर आम्हांस बीडकडील मातींत सांपडतें.

बालाघाटच्या या मुलखांत गांवाचे दोन भाग मानीत; शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. जुनें घर माळवदाचें असे. दगडमातीच्या रुंद भिंती, लांकडी खांब व तुळया, तुळयांवर फळ्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. वैशाखाच्या उन्हांत आंत गारवा राही. मात्र असें घर एकदां बांधून विसरतां येत नसे. मृगापूर्वीं माळवदावर चढून गवत उपटावयाचें, भेगा बुजवावयाच्या, नवी माती पसरावयाची. बायकांनीं भिंती लिंपावयाच्या आणि जमीन शेणानें सारवावयाची. सारवतांना बोटांनीं जीं अर्धवर्तुळें उमटत तीच त्या घराची नक्षी. ती कोणत्याही पुस्तकांतून घेतलेली नव्हती. बसल्या जागेवरून हात जेथवर पोंचे तेथवर एक वर्तुळ, आणि मग एक पाऊल मागें. परक्या, थंड मुलखांतील कांचेच्या भिंतींचें चित्र पाहून बीडच्या उन्हांत तसली खोली उठविणाऱ्यानें या नक्षीकडे एकदां नीट पाहावें. नमुना सुंदर असून भागत नाहीं. ज्या जागीं तो उतरावयाचा, तेथील ऊन, पाऊस आणि माती त्यानें ओळखली पाहिजे.

येथपर्यंत सारें रम्य आहे. पण येथेंच थांबलों तर आपली फसगत होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे शेजारच्या लातूर जिल्ह्यांत किल्लारी येथें भूकंप झाला. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील हजारों माणसें मरण पावलीं. बहुतेकांचा जीव गेला तो भिंती आणि छप्परें अंगावर कोसळून. मातींत रचलेल्या भिंतींचे आंतले आणि बाहेरचे पदर एकमेकांस बांधलेले नव्हते. आणि वर्षानुवर्षें थरावर थर चढून माळवदाची माती अतोनात जड झाली होती. ज्या हातांनीं दर मृगाला घराची निगा राखली, त्याच हातांनीं खालीं निजणाऱ्यांच्या डोक्यावरील ओझें वाढत गेलें होतें. त्यांत माया होती, कष्ट होते; नव्हतें तें ज्ञान.

जीं घरें टिकलीं तीं बळकट करण्याचे उपाय पुढें अभियंत्यांनीं सांगितले. माळवदावरची जादा माती उतरवावी; भिंतींत ठरावीक अंतरावर दोन्ही पदर बांधणारे आरपार दगड बसवावेत; खांब आणि तुळई यांच्या सांध्यांस तिरकस आधार द्यावेत. हीं कामें गांवच्या गवंड्यास आणि समजावून सांगितल्यास घरधन्यासही जमण्यासारखीं होतीं. शासनाच्या पुनर्वसनकार्यांत अशी दुरुस्ती घरमालकांनीं साहाय्य घेऊन स्वतः करावी अशी योजना होती, आणि तिची माहिती घरोघर पोंचविण्यास गांवोगांवच्या स्त्रियांचीं मंडळें पुढें आलीं. हात तेच होते. आतां त्यांस कारण ठाऊक झालें होतें.

यावरून आमचा निष्कर्ष असा. स्वतः करणें हा आपोआप सद्गुण ठरत नाहीं. आपल्या हातच्या कामांत करणारा आणि भोगणारा एक होतो, हें त्याचें खरें मोल. ठेकेदार गळत्या छताखालीं निजत नाहीं. उलट ज्यानें फळी ठोकली त्याला तिचा वांकडेपणा रोज डोळ्यांसमोर दिसतो, आणि पुढची फळी ठोकण्यापूर्वीं तो भिंत वाजवून पाहतो. केलेल्या कामाला जाब देण्याची ही संवय म्हणजेच हस्तश्रमाची नीति होय. ज्याला जाब द्यावयाचा आहे तो जाणत्यास विचारण्यांत कमीपणा मानीत नाहीं. विजेची तार, गॅसची नळी, भार पेलणारी भिंत, येथें हौसेनें हात आंखडता घ्यावा हेंच शहाणपण.

कोणी म्हणेल, सर्वच आपापलें काम करूं लागले तर सुतार-गवंड्यांनीं काय करावें? आमचा अनुभव उलट आहे. ज्यानें एकदां घाम गाळून फळी तासली, तो सुताराच्या मजुरीची घासाघीस करतांना अडखळतो.

आणि ही समज सुतारापाशींच थांबूं नये. बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘कोयता’ म्हणतात. मुक्कामीं उतरतांच पहिलें काम कोपी उभारण्याचें. बांबू रोवून त्यांवर चटया, पाचट किंवा प्लास्टिकचा कागद घातला, दाराशीं चूल मांडली, कीं पांचसहा महिन्यांचा संसार सुरू होतो. ही कोपी सर्वस्वीं आपल्या हातची. तरीही तिला कोणी हौस म्हणत नाहीं, कारण तींत निवड नाहीं. मुकादमाकडून घेतलेली उचल कित्येकदां गांवाकडील घराच्याच कामीं आलेली असते. म्हणजे घर व्हावें म्हणून अर्धें वर्ष घराबाहेर काढावयाचें. अवकाळी पाऊस आला तर कोपी बांधणारी बाई तिचा जाब भिजून देते. ज्यांच्या चहांत ती साखर पडते, त्यांच्याकडे मात्र कोणी जाब मागत नाहीं.

आमच्या वाचकांनीं घर अवश्य स्वतः रंगवावें, मुलांच्या हातीं ब्रश द्यावा, वांकडी बसलेली फळी सरळ करावी. पण ज्या हातांस करूं कीं नको हें ठरविण्याची मोकळीक नाहीं, त्यांच्या छपराचा प्रश्न आपल्या घराबाहेरचा आहे असें मात्र मानूं नये.