परकी भांडवल आणि किरकोळ व्यापार

किरकोळ व्यापारात परकी भांडवलास मुभा द्यावी की न द्यावी, हा वाद अलीकडचा वाटत असला, तरी त्याची मुळे एकोणिसाव्या शतकातील स्वदेशीच्या विचारात आहेत. लोकहितवादींनी शतपत्रांतून देशी मालाचा पुरस्कार केला आणि सार्वजनिक काका 1877 च्या दिल्ली दरबारास खादीच्या वेषात उपस्थित राहिले, तेव्हा प्रश्न मालाचा होता. तो विकणारा दुकानदार बहुधा आपलाच असल्यामुळे त्याच्याविषयी शंका घेण्याचे कोणास कारण पडले नाही.

स्वातंत्र्यानंतर मालाची जागा भांडवलाने घेतली. देशातील बचत अपुरी आहे आणि यंत्रविद्या पुष्कळदा भांडवलाबरोबरच येते, म्हणून परकी भांडवल हवे, परंतु राष्ट्रहिताच्या दृष्टीने त्याचे नियमन व्हावे, अशी भूमिका पंडित नेहरूंनी एप्रिल 1949 मध्ये मांडली. कारखान्यांसाठी ठरलेला हा न्याय दुकानास लावण्याची वेळ अर्धशतकानंतर आली. 1997 मध्ये घाऊक व्यापार, 2006 मध्ये एकाच नाममुद्रेची दुकाने, असे टप्पे घेत नोव्हेंबर 2011 मध्ये अनेक नाममुद्रांच्या किरकोळ विक्रीत 51 टक्के परकी भांडवलाचा निर्णय जाहीर झाला, विरोधामुळे पंधरवड्यातच स्थगित झाला आणि सप्टेंबर 2012 मध्ये अखेर अमलात आला. त्याविरुद्धचा ठराव लोकसभेने त्या डिसेंबरात 218 विरुद्ध 253 मतांनी फेटाळला.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. बाजार समितीत माल घातलेल्या शेतकऱ्याच्या हाती आडत्याची जी पट्टी पडे, तीत आडत, हमाली, तोलाई वजा जाता उरणारी रक्कम, आणि तोच भाजीपाला शहरातील गिऱ्हाइकास ज्या भावाने मिळे तो भाव, यांतील अंतर कोणत्याही विचारी माणसास अस्वस्थ करणारे होते. उलटपक्षी, पगार होईपर्यंत साखर-चहा वहीवर मांडून देणारा, पावशेर तेलाचे गिऱ्हाईकही परत न पाठविणारा कोपऱ्यावरचा वाणी हा केवळ मध्यस्थ नसून गरीब संसाराचा सावकाराहून सौम्य आधार होता, हेही तितकेच खरे होते. म्हणूनच सरकारने शर्ती घातल्या: किमान 10 कोटी डॉलरची गुंतवणूक, तीतील निम्मी तीन वर्षांत शीतगृहे, साठवण, वाहतूक यांवर, तीस टक्के खरेदी लघुउद्योगांकडून, आणि दुकाने उघडू द्यावीत की नाही याचा निर्णय राज्याकडे. महाराष्ट्राने अनुकूलता दर्शविली; दिल्लीने दिलेली संमती सत्तांतर होताच 2014 मध्ये मागे घेतली गेली. एवढ्या खळबळीनंतर या मार्गाने परवानगी घेऊन टाटा समूहाशी भागीदारी करणारी मोठी कंपनी टेस्को हीच काय ती ठरली.

परंतु वाण्याचे गिऱ्हाईक ओढणारी स्पर्धा एव्हाना निराळ्या वाटांनी येत होती. 2002 मध्ये पवईत पहिले दुकान उघडणारा डीमार्ट देशी मालकीचा. आणि 2018 मध्ये वॉलमार्टने 77 टक्के हिस्सा घेतलेल्या फ्लिपकार्टला तर रस्त्यावरच्या दुकानाची गरजच नव्हती. परकी पैशाच्या संकेतस्थळाने स्वतःचा साठा विकू नये, केवळ विक्रेता व ग्राहक यांची गाठ घालून द्यावी, असा नियम आहे. पण देशी पेढीने पुरवठादारास महिनोन्‌महिने पैशांसाठी तिष्ठत ठेविले, तर हा नियम तिला विचारावयास येत नाही.

येथेच या दीर्घ वादातील उणीव दिसते. माल, मग भांडवल, मग दुकान, असा विषय पालटत गेला, तरी आपण दर वेळी मूळ कोणत्या देशाचे एवढेच विचारीत राहिलो. वर्तन कसे, हे विचारले नाही. शेतकऱ्यास रोख व वेळेवर मोबदला, लघुउद्योगांकडून ठराविक खरेदी, तोटा सोसून भाव पाडून छोट्यांस उखडण्यास मनाई, या शर्ती योग्य असतील, तर त्या परक्यांप्रमाणेच मोठ्या स्वकीयांनाही लागू व्हावयास हव्यात. मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा माल एकत्र खरेदी करण्याची जी पद्धत 1975 पासून चालविली, तिने मध्यस्थांची साखळी आखूड करण्यास परकी भांडवल अपरिहार्य नाही हे दाखविले आहे. तेव्हा पाहुण्यास दार उघडावे की लावावे यावर पुन्हा भांडण्यापूर्वी, घरातल्या बलवानासह सर्वांस बांधील राहील असा एकच कायदा आपल्या प्रतिनिधींकडून मागून घ्यावा.